नवऱ्याच्या हातचा चिखल

साडेनऊच्या बसमधून तो उतरला, पाठीवरची पिशवी सावरत सरळ आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दालिस इथंच राहते ना?"

बस्स. दालिस म्हणजे मी, तेवढंच पुरलं.

"आला!" मेलिदाकाकी किंचाळली. "अगं बायांनो, आला गं आला, रोहेलिओ आला!"

चाळीस माणसं चिखलात उभी होती. चाळीस तोंडं एकदम त्याच्याकडे वळली. आणि माझ्या हातातलं घमेलं धप्पकन खाली पडलं. कारण रोहेलिओ नावाचा माणूस या जगात नव्हताच... तीन आठवड्यांपूर्वी तो मीच तयार केला होता.

सांगते. डोंगरांच्या मधल्या आमच्या एल व्हाये गावात मातीचं घर एका दिवसात उभं राहतं. सांगाडा आणि छप्पर आधी करून ठेवायचं. मग सगळी वाडी येते, माती, गवत, पाणी पायांनी तुडवते, डोंगर घुमेल अशा हाळ्या देते आणि दिवस मावळायच्या आत भिंती लिंपून मोकळी होते. मजुरी कोणी घेत नाही, जेवण मात्र भरपेट लागतं. पण असं घर मिळतं ते लग्न ठरलेल्या जोडप्यालाच. हा मेलिदाकाकीच्या नवऱ्याचा, वाडीच्या म्होरक्या क्रिसांतोकाकांचा दंडक, आणि क्रिसांतोकाकांनी हाक दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी चिखलात पाय घालत नाही.

मला घर हवं होतं. नवरा नको होता. भावाच्या तीन पोरांच्या लाथा खात एका खोलीत झोपायचा मला कंटाळा आला होता. आजीनं दिलेला जमिनीचा तुकडा होता, पाहुण्यांना धबधबे नि डोंगर दाखवून माझं पोट चाललं होतं. आपल्या दाराला आपली कडी असावी एवढंच माझं मागणं. काकांनी विचारलं, "नवरा कोण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रोहेलिओ. राजधानीत असतो."

आज 'बस चुकली हो त्याची' म्हणून वेळ मारून न्यायची होती. आणि हा कोण उपटसुंभ!

तोवर काकीनं त्याचे बूट काढले होते, दोघांनी त्याची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती, आणि तो—हसत! हसत हसत माझ्या शेजारी चिखलात उतरला.

"मस्त आहे हं," तो माझ्या कानाशी म्हणाला. "सगळे म्हणत होते, एल व्हायेला गेलास की चिखल लावून घेच, कातडी मऊ होते. पण एवढी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं."

मी नदीकडे बोट केलं.

"ते गरम पाण्याचे झरे, नदीपलीकडे. तिथला चिखल तोंडाला लावतात. हा माझ्या घराचा आहे."

त्यानं खाली पायांकडे पाहिलं. मग वर, माझ्याकडे. डोळे असे मधासारखे, आणि त्यात नुसता गोंधळ.

"आणि मला सगळे रोहेलिओ का म्हणतायत? कोण आहे हा?"

"माझा होणारा नवरा."

"कुठाय तो?"

"माझ्या शेजारी उभा आहे," मी दातांवर दात ठेवून म्हटलं. "हळू बोल ना! खरा कुणी नाहीच. हे कळलं तर सगळे पाय धुऊन घरी जातील. संध्याकाळपर्यंत निभावून ने. उद्या सगळं दाखवते तुला. धबधबा, कोरलेला दगड, चौकोनी खोडांची झाडं..."

"उद्या कामावर जायचंय. एकाच दिवसाची सुट्टी होती, वाटाड्या म्हणून मित्रानं तुझं नाव दिलं." त्यानं चिखलातले अनवाणी पाय हलवले. "निघालोही असतो गं... पण माझे बूट काकींनी पळवलेत."

मला हसू फुटलं. मेला दिसत होता तेवढा भोळा नव्हता!

त्याचं नाव अब्दिएल. राजधानीतल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. चिखल तुडवताना दोनदा आपटला, दोनदा माझ्याच खांद्याला धरून उठला. तिसऱ्यांदा तोल गेला नव्हता, तरी धरलं. मीही धरू दिलं. आपणही थोडं बावळट असावं कधीकधी.

दुपारी कोंबडीचा रस्सा नि भात झाल्यावर काकीनं त्याला टोमणा मारला, "पोरगी तिखट आहे हो आमची, सांभाळून!" तर हा म्हणतो, "मला तिखट चालतं, काकी." सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले.

मग आम्ही दोघं खिडकीच्या बाजूची भिंत लिंपायला लागलो.

"इथून काय दिसणार तुला?"

"ती." मी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "ते कपाळ, ते नाक, ती छाती. निजलेली पोर. परक्या माणसावर जीव जडला, आणि दुःखानं जाऊन आडवी झाली, असं सांगतात."

"आणि तो परका?"

"त्याचा कुणी डोंगर केला नाही."

तो मोठ्यानं हसला नाही. नुसतं माझ्या गालावरचं चिखलाचं बोट आपल्या मनगटानं पुसलं... आणि दुप्पट चिखल लावून ठेवला.

ऊन उतरलं तशा भिंती पुऱ्या झाल्या. दाराशेजारी पाटाएवढी जागा तेवढी राहिली होती. सगळे गोळा झाले. काकांनी टोपी मागं सरकवली.

"ही शेवटची माती नवऱ्याच्या हातची," ते म्हणाले. "लाव बाबा रोहेलिओ. आणि लग्नाची तारीख सांग."

अब्दिएलनं ओंजळभर चिखल उचलला. माझ्याकडे पाहिलं. तो तारीख सांगणार होता, मला कळलं. कुठलीही, माझं घर वाचेल अशी. माझ्यासाठी तो खरोखर रोहेलिओ व्हायला निघाला होता.

पण मला रोहेलिओ नको होता. हा हवा होता. खोट्या नावानं त्यानं ही शेवटची माती लावली, तर उद्या मी त्याला कुठल्या तोंडानं हाक मारू?

"थांब," मी म्हटलं. "काका, रोहेलिओ कुणी नाही. मी खोटं बोलले. हा अब्दिएल. याची नि माझी ओळख आज सकाळची."

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"चाळीस माणसं फसवलीस," काका म्हणाले.

"हो."

"पाडू भिंती?"

"पाडा की!" मेलिदाकाकी कमरेवर हात ठेवून पुढं आली. "नि मग कंबर धरून बसा आठ दिवस. शेक मी देणार नाही!"

कुणीतरी खुदकन हसलं. काका नाही हसले.

"घर राहू दे. त्यात सगळ्यांचा घाम आहे," ते म्हणाले. "पण ही जागा अशीच राहील. भरायची तर नवऱ्याच्याच हातानं. पावसाचं पाणी आत आलं, तर रोहेलिओला सांग!"

अब्दिएलनं हातातला चिखल हळूच खाली ठेवला. शेवटच्या बसला मी त्याला सोडायला गेले. पायरीवर पाय ठेवून तो वळला.

"पुढच्या रविवारी येऊ? धबधबा बघायचा राहिलाय..."

आला. धबधब्यापाशी तो काहीतरी बोलला, मी तीनदा "काय?" केलं, पाण्याच्या आवाजात कळेना, तो नुसता हसला. दुसऱ्या रविवारी कोरलेला दगड. त्या रेघांचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही, हा म्हणे, "लिफ्टच्या तारांचा नकाशा आहे!" मग चौकोनी झाडं. मग काचेच्या पेटीतले सोनेरी बेडूक. त्यांतल्या एकानं पुढचा पाय हलवला तर यानंही उलट हात हलवला, चांगला गंभीरपणे. मग गरम झरे. मग निजलेल्या पोरीच्या कपाळापर्यंत चढलो, उतरताना त्यानं माझा हात धरला, आणि सपाटी आली तरी सोडला नाही.

मे उजाडला, आमच्याकडे तेव्हाच लागतो तो पाऊस सुरू झाला. भोकातून पाणी आत यायचं, मी पोतं कोंबायची. काका वाटेत भेटले की विचारायचे, "भोक काय म्हणतंय?"

"आहे जागेवर," मी म्हणायची.

आणि ठिकाणं संपली. मीच सांगितलं त्याला, "झालं सगळं बघून. आता दाखवण्यासारखं काही नाही माझ्याकडे." तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं! त्या आठवड्यात मी सगळ्यांवर खेकसत होते.

सातव्या रविवारी धो धो पाऊस. तो येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी घर दोनदा झाडलं. तरी कॉफी दोघांची टाकली. बस आली, गेली. मी दारही उघडलं नाही—उगाच रिकामा रस्ता कशाला बघायचा?

भोकातलं पोतं हललं. बाहेर ओढलं गेलं. तिथं एक डोळा दिसला, मधाच्या रंगाचा, भिजलेला.

"आज काय बघायला आलास?" मी भोकाशी वाकून विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग काय... आलो."

मला रडू आलं नि हसूही. इतके रविवार मी त्याला खोरंभर डोंगर नि पाणी दाखवत हिंडले, आणि हा माणूस काहीच बघायला नसताना तीन तास बसमध्ये बसून आला होता!

कोपऱ्यात भिंतींच्या डागडुजीची माती होतीच. पाणी ओतलं, गवत टाकलं, पायानं मळली. अर्धं घमेलं भोकातून बाहेर दिलं. तो वळचणीखाली उभा राहून बाहेरून लिंपत होता, मी आतून. भोक लहान लहान होत गेलं. शेवटी एवढंच उरलं की त्यातून त्याची बोटं आली, नि मी ती घट्ट धरली.

"काकांना तारीख सांगावी लागेल हं," मी म्हटलं.

"सांगू की," तो म्हणाला. "पण त्याआधी मला आत तरी घे गं बाई, पार भिजलोय!"