रेवाचे आजोबा

पाचवीच्या वर्गात आता फळ्यावर निबंधाचा विषय लिहीत नसत. ज्याचा त्याला स्वतःचा विषय मिळे, आणि तो शोधायला 'मनरेखक' होता. मुलाच्या कपाळावर मऊ पट्टी बांधायची आणि चार गप्पा मारायच्या. बोलता बोलता मन जिथे क्षणभर अडखळतं, तिथे मेंदूतली वीज किंचित चढते. ती जागा म्हणजे मुलाचा 'स्वविषय'. यंत्र तो बाईंना कळवी, बाई मुलाला सांगत.

वासंती ढवळेबाईंना हे कधीच पटलं नव्हतं. डब्यातल्या भाजीवरूनही भांडणारी ही पोरं, पण 'बाई, हा माझा विषय नाही' असं एकानंही कधी म्हटलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

म्हणून बाईंनी गुपचूप एक अदलाबदल केली. रेवाचा विषय होता तिच्या आजोबांची शिट्टी. गेल्या वर्षी वारलेले आजोबा संध्याकाळी जिना चढताना वाजवायचे ती. सुजयचा विषय त्याचा मेलेला कुत्रा, मोत्या. बाईंनी रेवाला मोत्या दिला आणि सुजयला शिट्टी.

रेवानं डोळे पुसत पुसत निबंध लिहिला. वर्गात तोच सरस ठरला. तिची आई मात्र चक्रावली. "बाई, आमच्या घरात कधी मांजरसुद्धा नव्हतं हो."

बाईंनी तडक मनरेखक बनवणाऱ्या डॉ. सबनिसांना गाठलं.

"तुमचं यंत्र खोटं बोलतं का?"

"छे. ते अचूक सांगतं." सबनीस जरा अवघडले. "पण आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. मन ती दर वेळी नव्यानं रचतं. 'हे तुझ्या मनातलं आहे' असं भरवशाच्या माणसानं सांगितलं, की मूल तसं रचून घेतं."

"म्हणजे माझा शब्द पुरे? यंत्र नसलं तरी?"

"बहुधा."

"आणि तिचं जे होतं, त्याचं काय?"

"ते कुठे जातंय? तिला खरं सांगून टाका."

बाईंना आता यंत्रापेक्षा स्वतःचीच भीती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी रेवाला जवळ बसवलं.

"रेवा, माझी चूक झाली गं. तुझा विषय जिन्यातली शिट्टी होता. तुझ्या आजोबांची."

"माझ्या नाही, बाई. सुजयच्या आजोबांची," रेवा समजावल्यासारखं म्हणाली. "त्यानं वर्गात वाचून दाखवलं ना."

"मग तुझे आजोबा? ते आठवतात ना तुला?"

रेवानं थोडा विचार केला.

"हो तर. मोत्याला रोज तेच फिरवायला न्यायचे."