एकतीस संध्याकाळींचा आवाज

ही घटना खरी आहे. पुरावा मागणाऱ्यांना दाखवायला माझ्याकडे कागद नाही; एक माणूस आहे. तो माझा मावसभाऊ. स्वतःच्या घराचे दार उघडण्यापूर्वी तो आजही जिन्यात बराच वेळ उभा राहतो.

रात्र नव्हती. मंगळवारची दुपार होती. तीन वाजून दहा मिनिटे. त्याच्या दुकानामागच्या खोलीत लख्ख उजेड होता.

पण त्याआधीचे सांगायला हवे.

भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करीत असे. गल्लीत सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणत आणि ही पदवी तो संकोच न बाळगता मिरवत असे. फक्त एक गोष्ट गल्लीला ठाऊक नव्हती. या डॉक्टरकडे औषधाबरोबर रोगही तयार होत होता.

दुरुस्तीला आलेल्या निवडक यंत्रांत तो एक लहानसा प्रोग्रॅम ठेवून देई. चाळीस दिवस तो निपचित पडून राही. मग एका सकाळी सगळ्या फाईलींना कुलूप लागे आणि पडद्यावर सूचना उमटे: बहात्तर तासांत पैसे भरा, नाहीतर सारे विसरा. खाली सेकंद मोजणारे घड्याळ. मजकूर परक्या टोळीचा वाटावा म्हणून त्याने त्यात मुद्दाम चार चुका पेरल्या होत्या.

गिऱ्हाईक रडत त्याच्याकडेच येई.

“अनोळखी मेलची अटॅचमेंट उघडलीत? फुकटातलं चोरीचं सॉफ्टवेअर घातलंत? कुणाचा पेन ड्राइव्ह लावलात?” तो दरडावून विचारी. यांतले एखादे पाप प्रत्येकाने केलेलेच असते. माणूस ओशाळे. मग हा उदार होऊन म्हणे, “बघतो, टोळीशी बोलून घासाघीस करतो.”

घासाघीस तो स्वतःशीच करी. प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी. ती एका वहीत, दर पानावर एक, हाताने लिहिलेली.

चोराला साव म्हणण्याची पद्धत जुनीच आहे. इथे लोक त्याला वर चहाही पाजत.

मग त्या बाई आल्या.

वय सत्तरीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली. नवरा रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. आपण फार दिवसांचे सोबती नाही हे कळल्यावर त्याने एकतीस संध्याकाळींचे वाचन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवले. महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक. तो गेला. तेव्हापासून त्या रोज सहा वाजता चाचपडत एक बटण दाबत आणि खुर्चीत बसून ऐकत.

एके दिवशी बटण दाबले... आणि आवाज आला नाही.

त्यांची भाची शहाणी होती. तिने आधी इंटरनेटची तार उपटली, म्हणजे लागण पसरायची नाही. पडद्याचा फोटो काढला. पैसे भरू दिले नाहीत. भरूनही किल्ली मिळेलच याची हमी कुणी दिली आहे? कुलूपबंद फाईलींची प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून घेतली, कारण किल्ली कधीतरी सापडतेही. आणि मग तिने मावशीला एकच प्रश्न विचारला, “या कॉम्प्युटरला शेवटचा हात कुणी लावला होता?”

दुपारी तीनच्या सुमारास बाई एकट्याच दुकानात आल्या.

“बाई, माणसासारखीच कॉम्प्युटरलाही सर्दी होते,” भाऊ हसत म्हणाला.

“होत असेल. तुम्ही डॉक्टर आहात की सर्दी, ते विचारायला आलेय.”

त्याचे हसू मावळले.

“पुरावा आहे?”

“नाही. पैसे हवेत? घ्या, आणलेत. मला त्यांचा आवाज द्या.”

पैसे घेतले असते तर कबुली झाली असती. आणि एक आंधळी म्हातारी आपल्याला ओळखते, हे त्याला झोंबले होते. त्याने वही उघडली. तिचे पान काढले. आणि तिच्यासमोरच... सावकाश... फाडले.

तिला दिसणार नव्हते, हा त्यातला विनोद.

“काय फाडलंत?”

“रद्दी आहे, बाई. या तुम्ही.”

त्या दारापर्यंत गेल्या. थांबल्या.

“माझे डोळे गेलेत,” त्या म्हणाल्या, “कानांना विसरायची सवय नाही.”

एकोणिसाव्या दिवशी त्या वारल्या. संध्याकाळी सहा वाजता, त्याच खुर्चीत.

आता मंगळवार.

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर भावाचा खासगी. त्याला इंटरनेटची तार कधीच जोडलेली नव्हती. परका पेन ड्राइव्ह त्याला शिवला नव्हता. त्यात त्याच्या सात वर्षांच्या लेकीचा आवाज होता: पहिला हुंकार, पहिले ‘बाबा’, दर वाढदिवशी म्हटलेली कविता. दुनियेच्या फाईलींची किंमत ठरवणाऱ्या या माणसाला अमोल वाटणारी चीज तेवढीच होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी स्पीकरमधून आवाज आला.

कागद फाटल्याचा.

त्याने वळून पाहिले. स्पीकर बंद होता.

पुन्हा... टर्र.

पडद्यावर एकेका फाईलचे नाव बदलत होते. दर नावाला एक पान फाटत होते. मग सूचना उमटली. त्याचीच. त्याच चार चुका. फक्त रकमेची जागा रिकामी होती आणि खाली एक ओळ वाढली होती.

‘फाडलेलं पान द्या.’

पान तर कधीच कचऱ्यात गेले होते. तरी विद्या हाताशी होती. त्याने यंत्र बंद केले. दुसऱ्या, स्वच्छ ड्राइव्हवरून चालू करून तपासले. काहीही सापडले नाही. मग त्याने डिस्क मुळापासून कोरी केली, सिस्टीम नव्याने घातली आणि लोखंडी कपाटात वेगळी ठेवलेली बॅकअपची डिस्क बाहेर काढली. गिऱ्हाइकांना तो हे कधी सांगत नसे. स्वतः मात्र न चुकता करी.

सगळे पूर्ववत झाले. शुक्रवारी दुपारी त्याने लेकीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला.

लेक हसत होती. फ्रॉक तोच. ओठ हलले...

आणि एक म्हातारा पुरुष हवामानाचा अंदाज वाचू लागला.

त्याने दुसरी फाईल लावली. बाजारभाव. तिसरी. निधनवार्ता. तोच संथ, खोकला आवरणारा आवाज, सात वर्षांच्या ओठांतून.

तेवढ्यात फोन वाजला. तीन वाजून दहा.

“मी त्या बाईंची भाची. मावशीच्या फाईलींचं कुलूप आपोआप उघडलंय.”

त्याने घाईघाईने चालू फाईल थांबवली.

“पण काकांचा आवाज नाही यात. एक लहान मुलगी आहे. कविता म्हणतेय. मध्येच ‘बाबा’ म्हणते. कोण आहे ही?”

एक शब्द पुरला असता. माझी. पण ‘माझी’ म्हटले की पुढचा प्रश्न येणार: तुमच्या मुलीचा आवाज आमच्या कुलपात कसा? मग वही. मग पोलीस. मग गल्ली.

“तुमच्या ओळखीची आहे का?” भाचीने पुन्हा विचारले. अगदी शांतपणे.

“नाही,” तो म्हणाला. “मी ओळखत नाही हिला.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग पुसून टाकते.”

फोन अजून त्याच्या कानाशीच होता. मग कागद फाटला.

तो धावतच घरी गेला. लेक शाळेतून नुकतीच आली होती. बूटही काढले नव्हते. बापाला पाहून ती धावली, तिने तोंड उघडले...

भाऊ किंचाळला. वहिनी पोळपाट टाकून बाहेर आल्या.

“अहो, काय झालं? भूक लागली म्हणतेय ती!”

वहिनींना लेकीचाच आवाज ऐकू येतो. शिक्षकांना, शेजाऱ्यांना, मलाही. फक्त त्याला नाही. लेक गोष्ट सांगते. त्याला अग्रलेख ऐकू येतो. लेक तापाने कण्हत होती, तेव्हा तो आवाज रेल्वेचे वेळापत्रक वाचत होता. आवाज अधूनमधून थांबतो, म्हणे, आणि मायेने कुणाला तरी विचारतो, “ऐकतेस ना?”

दुकान त्याने बंद केले. वही जाळली. ज्यांच्या फाईली उघडता येत होत्या त्यांच्या ती जाळण्याआधी उघडून दिल्या. काही फरक पडला नाही. भाचीकडेही तो गेला होता. तिने दार उघडले नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

मला हे सारे त्याच्या मनाचे खेळ वाटत होते. अपराधी माणसाचे कान काहीही ऐकतात, असे मी त्याला तोंडावर सांगितलेही होते.

गेल्या रविवारी त्याच्याकडे गेलो. संध्याकाळ होती, साडेपाच वाजून गेले होते. भाऊ गॅलरीत पाठ करून उभा होता. लेक मला शाळेतली गंमत सांगत होती, तिच्याच किनऱ्या आवाजात, हातवारे करून.

बोलता बोलता ती मध्येच थांबली.

खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची होती. लेकीने तिच्याकडे मान वळवली. आणि वाट पाहिली... कुणाला काही विचारल्यावर उत्तराची पाहतो, तशी.

मग समाधानाने मान डोलावली आणि गोष्ट पुढे सांगू लागली.

मी घड्याळाकडे पाहिले नाही. पाहायचे धाडस झाले नाही.