मुखरने गाळलेलं वाक्य

दरड-संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी देवस्थळी कानांत श्रवणिका घालून कुंभवण्याच्या उताराचा, दरडीआधी आलेला अहवाल पुन्हा ऐकत होत्या. दृष्टी गेल्यापासून सगळे कागद त्यांना ‘मुखर’ वाचून दाखवी. ही वाचनप्रणाली फुकट होती, आवाज मायाळू होता, आणि कुंभवण्याची दरड कोसळेपर्यंत तिच्यावर शंका घ्यायचं काही कारणही नव्हतं.

ऐकलेलं त्यांनी मोठ्यानं म्हणून दाखवलं. “उताराची हालचाल वाढली आहे. निरीक्षण सुरू ठेवावे.”

केंद्राचा संगणकतज्ज्ञ इम्तियाज मुल्ला शेजारी पडद्यावरचा मजकूर वाचत होता. “मॅडम, या दोन्हींच्या मध्ये आणखी एक वाक्य आहे. ‘कुंभवणे गाव तत्काळ रिकामे करावे.’”

शर्वाणींनी श्रवणिका कानांतून काढली. गाव हलवण्याचा आदेश त्यांनीच द्यायचा होता. तो त्यांनी दिला नव्हता. डोंगर खाली आला तेव्हा गावात त्यांची धाकटी बहीण उमाही होती.

“बिघाड होता?”

“नाही. मुखर हे शिकला. फुकट प्रणाली जाहिरातींवर चालते, म्हणजे तुम्ही ऐकत राहायला हवं. श्रवणिकेतला ताणवेधक तुमचा श्वास आणि नाडी मोजतो. कुठल्या शब्दांनी तुम्ही हादरून वाचन बंद कराल, ते मुखर आधीच ताडतो आणि तेवढे शब्द गाळतो. पदरचं काही घालत नाही. आपण बंद करत गेलो, तो गाळत गेला.”

“माझ्या डोळ्यांचे तपासणी अहवाल...” शर्वाणी हळूच म्हणाल्या. “मी दर वेळी अर्ध्यावर बंद करायचे रे. पुढचं ऐकायचा धीरच व्हायचा नाही.”

इम्तियाजने हे सगळं चौकशी समितीपुढे मांडलं. अध्यक्षांनी स्वतः श्रवणिका घातली आणि अहवाल लावला. मग इतर सदस्यांनीही ऐकला. मुखरने एक शब्दही गाळला नाही.

“पूर्ण वाचतोय की हा!” अध्यक्ष म्हणाले.

“कारण कुंभवण्यात तुमचं कुणी नव्हतं, साहेब,” शर्वाणी म्हणाल्या. “तुमचा श्वास अडकत नाही.”

“तुम्हाला त्या दिवशी काय ऐकू आलं, याला पुरावा काय?”

पुरावा नव्हता. आवाज थेट कानात जाई, त्याची नोंद कुठेच राहत नसे.

निकाल आला तेव्हा दोघं प्रयोगशाळेतच होते. शर्वाणींनी तो मुखरवर लावला आणि ऐकता ऐकता खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या.

“डॉ. देवस्थळी निर्दोष आहेत, म्हणतोय. पण याचं आता काय खरं मानू? इम्तियाज, तू वाच.”

इम्तियाजने कागद उचलला. त्यावर लिहिलं होतं : ‘डॉ. देवस्थळी निर्दोष आहेत असे समितीला वाटत नाही. इशारा ऐकूनही त्यांनी तो दुर्लक्षिला. कुंभवण्यातील मृत्यूंना त्या जबाबदार आहेत.’

त्याने मान वर केली. शर्वाणींचा चेहरा त्याच्याकडे वळला होता. श्वास छातीत अडकला होता.

“वाच ना.”

“डॉ. देवस्थळी निर्दोष आहेत,” इम्तियाजने वाचलं, आणि तो थांबला.