बाबांच्या घंटेचा बोर्ड

नोव्हेंबर लागला की नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरात कालव्याचं पाणी आणि आभाळ एकाच राखी रंगाचं होतं. अशाच एका भुरभुरत्या सकाळी, रेडिओच्या सुट्या भागांच्या अरुंद दुकानात वीत्स्केने सर्किट बनवायचा, तांबं चढवलेला सगळ्यात स्वस्त बोर्ड उचलला.

"तो नको," काउंटरमागचा उंच माणूस म्हणाला.

"का? स्वस्त आहे म्हणून?"

"आतून कागदी आहे म्हणून. सोल्डर करताना तापलेलं टोक जरा जास्त वेळ टेकलं की तांबं सुटून येतं. हा फायबरग्लासचा घ्या."

"माझ्याकडून जास्त वेळ टेकेल, हे कशावरून?"

"मघापासून तो बोर्ड पॅनकेकसारखा उलटसुलट करताय... पहिल्यांदाच घेताय ना?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग तिने सांगितलं. बाबांना ऐकू येईनासं झालं होतं. दार वाजलं की खोलीत दिवा लागेल अशी घंटा त्यांना हवी होती. जन्मभर जहाजांवरचे रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. विकतची घंटा आणलीस तर कालव्यात फेकीन म्हणे. स्वतःचे हात थरथरतात, म्हणून कामाला मुलगी.

"मग तांबंही पातळ घ्या," तो म्हणाला. "सर्किटच्या रेषा ठेवून बाकीचं तांबं रसायनात घालवायचं असतं. जाड असलं की विरघळायला फार वेळ लागतो."

"माणसांसारखंच."

"मी किती जाड वाटतो तुम्हाला?"

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली आणि लाल झालेल्या कानांनी बाहेर पडली.

त्याचं नाव हिड्डे. पुढे ती कधी ड्रिलसाठी आली, कधी वायरसाठी, कधी तर नुसतं विचारायला... मग दहा दिवस आलीच नाही.

आली तेव्हा भिजलेली होती. तिने काउंटरवर बोर्ड ठेवला. त्यावर तांब्याचा ठिपकाही उरला नव्हता. नुसता फिकट, कोरा तुकडा.

"अरे देवा! किती वेळ ठेवलात रसायनात?" हिड्डे हसला.

"सहा दिवस. बाबा हॉस्पिटलात होते. बोर्ड रसायनात ठेवला, आणि तिथून फोन आला. बाबा गेले."

त्याचं हसू तिथेच विरलं.

"मी... दुसरा देऊ का?"

"आता कुणासाठी?" ती ओल्या बुटांकडे बघत म्हणाली. "मला काही घ्यायचं नाहीये. काल दफन झालं, सगळे कॉफी पिऊन गेले. घर रिकामं झालं, आणि वाटलं... हे तुम्हाला सांगायचं राहिलंय. फक्त तुम्हाला."

तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. काउंटरच्या अलीकडे तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पायांत बूट नव्हते, नुसते लोकरीचे जाड मोजे.

"दहा दिवस मी दाराकडेच बघत होतो," तो हळूच म्हणाला. "थांब, बूट घालतो. तुला घरी सोडतो."

"'तुला' म्हणालात मला..."

"हो. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि इतके दिवस अडून राहिलेलं रडू तिथेच फुटलं. हिड्डेने तिचा गार हात धरला. एक गिऱ्हाईक आत आलं, खाकरलं, पुन्हा खाकरलं... तरी हिड्डेने तो हात सोडला नाही.