काचेच्या पेटीतलं धुकं

“मास्तर, तुमचं विमान माझ्या बाबांनीच मोडलं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का?”

मास्तरांच्या दारात उभं राहून हा प्रश्न विचारायची पैज वर्गातल्या पोरींनी मधल्या सुट्टीत लावली होती. “नुसत्या गप्पा मारतेस, विचारून दाखव!” भिंगला असं डिवचणं म्हणजे पेट्रोलला काडी दाखवणं. जाड चष्म्यामुळे तिला भिंग हे नाव पडलं होतं. प्रयोगशाळेतला चुंबक कुणी ढापला, इथपासून बाईंच्या खुर्चीला खडू कुणी फासला, इथपर्यंत सगळं तिने शोधून काढल्यामुळे ते टिकलं होतं.

तिच्या मागे तिची मैत्रीण गोगलगाय उभी होती. सोमवारी सांगितलेल्या विनोदाला ती बुधवारी हसायची.

मास्तरांनी दारातच मान कलती केली. मग म्हणाले, “आवाज ओळखला. त्याचीच ना तू? ये आत.”

भिंगला राग आला. लहानपणापासून या घरात ती खेळली होती आणि आता ‘त्याचीच ना तू’!

पण रागाचं कारण मोठं होतं. मास्तरांनी कारखान्यात यंत्रांची आरेखनं काढण्यात हयात घालवली होती आणि निवृत्तीनंतर जुन्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांचा क्लब काढला होता. यंदाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी दोन इंजिनांचं एक जुनं बॉम्बर बनवलं होतं. वर्षभर खपून. शनिवारी ते काचेच्या पेटीत हॉलवर आलं, आणि रविवारी सकाळी बंद पेटीत मोडून पडलेलं सापडलं. हॉलला कुलूप लावून किल्ली घरी नेली होती भिंगच्या बाबांनी. दोघांचं आदल्या संध्याकाळी कडाक्याचं भांडणही झालं होतं. झालं! बाबांना क्लबातून काढलं. बाबांनी “मी नाही” एवढंसुद्धा म्हटलं नाही. आता रविवार आला की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई जेवायला हाक मारून मारून थकायची. आणि शाळेत भिंग झाली होती ‘विमानमोड्याची पोरगी’.

“मला विमान बघायचंय,” ती म्हणाली.

“कशाला बाळा, नको तो विषय,” काकू, म्हणजे मास्तरांच्या बायको, स्वयंपाकघरातून लगबगीने म्हणाल्या.

“बघू दे तिला,” मास्तर म्हणाले. “बापाची करामत.”

टेबलावर रंगांच्या चिमुकल्या बाटल्या रांगेत होत्या. कुणाला एक रबरबँड, कुणाला दोन, कुणाला तीन. “घसरू नयेत म्हणून असतील,” गोगलगाय कुजबुजली. काकूंनी चहा आणला. “कप उजव्या हाताला ठेवलाय हं,” असं म्हणत त्यांनी मास्तरांचा कप ठेवला.

मास्तरांनी कपाटातून एक गाठोडं काढून सोडलं. बॉम्बरचं पुढचं चाक पायासकट तुटलं होतं आणि डावा पंख वेगळा पडला होता. भिंगने पंखाची तुटलेली कड उजेडात धरली. तिच्यावर वाळलेल्या पाकासारखा चकचकीत पापुद्रा होता. वैमानिकाच्या डोक्यावरची काच पांढुरकी होती. तिने बोट फिरवलं, काही पुसलं गेलं नाही. पांढरेपणा आतून होता.

“हातात जड लागतंय,” ती म्हणाली.

“नाकात शिसं भरलंय. नाहीतर पुढच्या चाकावर उभंच राहत नाही, शेपटीवर बसतं. तुझ्या बाबाला मीच शिकवलं होतं ते.” मास्तरांचा आवाज चिरका झाला. “सगळं मीच शिकवलं होतं.”

तेवढ्यात गोगलगाय जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाला नख लावून बसली होती. तिथे एक पांढरा, दगडासारखा कडक डाग होता आणि त्यात फडक्याचा दोरा अडकलेला. काकूंनी येऊन त्यावर बशी ठेवली.

“खरवडू नकोस गं. निघत नाही ते.”

*

क्लबातल्या दुसऱ्या माणसाचं चपलांचं दुकान होतं. त्यांना सगळे ‘चालतंयकाका’ म्हणायचे, कारण विमानाचा रंग चुको, पंख वाकडा बसो, त्यांचं उत्तर एकच.

“अगं, लोक उगाच डोकं फोडून घेतात,” एका बुटाचा तळवा दाबत ते म्हणाले. “मजेसाठी करायचं ना? मी तर वैमानिकाची काच सरळ काळी रंगवतो. आत कोण बसलाय ते बघायला कोण येतंय?”

“भांडण कशावरून झालं?”

“शेपटीवरच्या पट्ट्यावरून. मास्तरांनी काळा रंगवला, जुन्या फोटोत काळा दिसतो म्हणून. तुझे बाबा म्हणाले, जुन्या फिल्मवर पिवळा रंगही काळाच उमटायचा, तो पट्टा पिवळा होता. दरवर्षीचं आहे ते! पण शनिवारी बाबांनी हद्द केली. मास्तरांनी पेटी आणून टेबलावर ठेवली, वर कापड. उद्घाटनाआधी कुणी बघायचं नाही, असा त्यांचा नियम. बाबांनी कापड उचलून पाहिलं आणि म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या वैमानिकाला समोरचं दिसणार कसं?’ बाप रे! मास्तर असे भडकले! आम्ही पलीकडे टेबलं लावत होतो, तिथपर्यंत ऐकू आलं.”

“मग बाबा काय म्हणाले?”

“काहीच नाही. मास्तरांकडे बघत राहिले नुसते. पार उतरला होता चेहरा.”

“आणि रविवारी?”

“मास्तर आणि मी पहिले आत गेलो. कापड काढलं तर विमान नाकावर. पेटी बंद, काचेला ओरखडा नाही. धूळ मात्र बसली होती आत, वैमानिकाची काच पांढरी दिसत होती. मास्तरांनी लगेच गुंडाळलं, कुणाला बघू दिलं नाही.”

त्यांनी तळव्यावर एका छोट्या नळीतून थेंब सोडला. बूट क्षणात चिकटला.

बाहेर आल्यावर गोगलगायने भिंगचा दंड घट्ट धरला. “हाच! त्या नळीतलं काहीतरी आहे!”

“नळीतलं आहे,” भिंग म्हणाली. “पण हा नाही.”

*

तिसरे क्लबातले दातांचे डॉक्टर. विमानाच्या पत्र्यावरचा प्रत्येक रिव्हेट, म्हणजे चपटी खिळी, फोटोशी ताडून बघायचे, म्हणून त्यांचं नाव ‘मोजणीसाहेब’.

“चालतंय म्हणणाऱ्यांनी या छंदाची वाट लावली,” ते हातमोजे काढत म्हणाले. “एकदा एक जण आपलं मॉडेल चपलांच्या झटपट गोंदाने चिकटवून घेऊन आला! आमचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. झटपट गोंद नुसता मध्ये काचेसारखा बसतो. दिसायला पक्का, पण ठिसूळ. आणि बंद डब्यात ठेवलं तर त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक पांढरं पडतं. कायमचं! मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय हे सगळ्यांना.”

भिंग खुर्चीतून उडाली. “डॉक्टर, रविवारी हॉलवर या. सगळ्यांना बोलवा. मास्तरांना आणि काकूंनासुद्धा!”

घरी तिने बाबांना सांगितलं तेव्हा ते भिंतीकडून वळले.

“नको करूस,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही सुटणार आहात!”

“मला सुटायचं नाहीये. जाऊ दे ना, राणी.”

हा हरलेल्या माणसाचा आवाज, असं तिला वाटलं. आपण आहोत ना जिंकायला!

*

रविवारी क्लब जमला तेव्हा हॉलमध्ये टेबलांवर विमानं होती आणि मधलं टेबल रिकामं होतं. भिंग त्याच्याजवळ उभी राहिली. आईने बाबांना ओढतच आणलं होतं. ते दारापाशी थांबले.

“बंद पेटीत विमान मोडलं,” भिंगने सुरुवात केली. “हात लावणारा दिसत नाही, म्हणून ज्याच्याकडे किल्ली तो चोर. पण हात लावायची गरजच नव्हती! हे विमान हॉलवर आलं तेव्हाच मोडलेलं होतं.”

“काहीतरीच! उभं होतं ते,” चालतंयकाका म्हणाले.

“चिकटवून उभं केलेलं. पंखाच्या कडेला काचेसारखा पापुद्रा आहे, म्हणजे झटपट गोंद. वैमानिकाची काच आतून पांढरी पडलीय, म्हणजे ओल्या गोंदावरच पेटी बंद झाली. नाकात शिसं. सगळा भार पुढच्या पायावर, आणि तो पाय ठिसूळ गोंदावर. रात्रीत कधीतरी तो कडकन तुटला, विमान नाकावर आलं, त्या धक्क्याने पंखही सुटला.”

मोजणीसाहेबांनी खिशातली पट्टी काढून पुन्हा आत ठेवली. “पण कधी चिकटवलं? शनिवारी रात्री इथे कुणी केलं असेल तर?”

“नाही! शनिवारी पेटी टेबलावर ठेवल्या ठेवल्या बाबांनी कापड उचललं आणि विचारलं, वैमानिकाला समोरचं दिसणार कसं. तो टोमणा नव्हता. काच तेव्हाच पांढरी होती. वाफ साचायला वेळ लागतो, आणि पेटी मास्तरांच्या घरून सरळ इथे आली. म्हणजे विमान घरीच मोडलं आणि घरीच चिकटवलं गेलं. ज्याने चिकटवलं त्याला मॉडेलमधलं काही कळत नाही, नाहीतर तो गोंद वापरलाच नसता.” भिंगने रिकाम्या टेबलावर बोट टेकवलं. “आणि मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर त्याच गोंदाचा डाग आहे. त्यात पुसायच्या फडक्याचा दोरा.”

काकू उभ्या राहिल्या.

“मीच,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी पुसताना फडकं अडकलं. घरात चपलांचा गोंद होता, तो लावला. माझं चुकलं.” त्या बाबांकडे वळल्या. “भाऊजी, तुमच्यावर आळ आला तरी मी तोंड उघडलं नाही. मला माफ करा.”

हॉलभर सुटकेचा आवाज झाला. चालतंयकाका टाळी वाजवणार होते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंगला वाटलं, आता छत उघडेल आणि आपण वर उडू.

बाबा मात्र मान हलवत होते. नाही, नाही, एवढंच.

आणि तेव्हा गोगलगायला कळलं. नेहमीसारखं, सगळ्यांच्या नंतर.

“पण मग,” ती निरागसपणे म्हणाली, “पेटी तर मास्तरांनी स्वतः उचलून आणली. एवढी पांढरी काच... त्यांना दिसली नाही?”

बाटल्या चाचपून ओळखायचे रबरबँड. उजव्या हाताला ठेवलेला कप. दारात ओळखलेला आवाज. भिंगने सगळं पाहिलं होतं आणि एकही गोष्ट उचलली नव्हती, कारण तिला चोर हवा होता.

“गप, गोगे,” ती पुटपुटली. उशीर झाला होता.

मास्तरांनी रिकाम्या टेबलावर हात फिरवला. “पेटी आहे, विमान आहे, एवढं कळतं. बारीक काही दिसत नाही.”

“मी वाट बघत होते,” काकू म्हणाल्या. त्या आता कुणाशी बोलत होत्या कुणास ठाऊक. “हे पेटी उचलतील, बघतील, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी पेटी खिडकीशी धरली आणि मला म्हणाले, ‘बघ, आतला वैमानिकसुद्धा दिसतोय.’ त्यानंतर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?”

“तुला माहीत होतं, मला दिसत नाही ते?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्हाला स्वतःला माहीत होतं, तरी लपवलंत?” काकूंनी विचारलं.

मोजणीसाहेब खाली बघत होते. मास्तर उठले. बाबा हात द्यायला पुढे झाले तर मास्तरांनी तो हात बाजूला सारला. “आता सगळ्यांनाच कळलंय. निदान दारापर्यंत तरी मला एकट्याला जाऊ दे.” काकू त्यांच्या मागून गेल्या, थोडं अंतर ठेवून.

*

घरी आईने पानं वाढली. कुणी घास घेतला नाही.

“तुम्हाला शनिवारीच कळलं होतं,” भिंग म्हणाली.

“काच बघितली आणि त्यांच्याकडे बघितलं. मी काय म्हणतोय तेच त्यांना कळत नव्हतं,” बाबा म्हणाले. “क्लब गेला तर माझा रविवार जाणार होता. त्यांचं काय काय गेलं असतं?”

“मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. तुम्ही मोडलं का म्हणून. तुम्ही भिंतीकडे वळलात. मला सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते!”

आई दोघांच्या मध्ये बसली होती आणि कुणाची बाजू घ्यावी ते तिला समजत नव्हतं.

“डॉक्टरांचा फोन आला होता,” ती शेवटी म्हणाली. “मास्तरांनी बाटल्या, हत्यारं, न उघडलेली खोकी, सगळं देऊन टाकायला काढलंय. उद्या जा बाळा. पाया पड, माफी माग. मोठे आहेत, करतील माफ.”

भिंगने चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. समोर आई आणि बाबा, दोन पुसट आकार.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “मी माफी मागायला जाणार नाही. मी गेले की मास्तर म्हणतील ‘असू दे बाळा’, काकू चहा टाकतील, आणि घरी येताना मला बरं वाटेल. मला इतक्यात बरं वाटून घ्यायचं नाहीये.”