सात नंबरचं झाड

"मॅडम, हे झाड तुमचं आहे का?"

मी दचकले. खोडाभोवती धरलेला टेप हातातून सुटला आणि सर्रकन डबीत गेला. मागं एक उंच, सावळा मुलगा उभा होता. अनवाणी, खांद्यावर दोर, आणि नजर... नजर माझ्यावर नव्हतीच, वर शेंड्याकडे होती.

"हो, माझंच," मी ठसक्यात म्हटलं. "सात नंबर. लाल फीत दिसत नाई का?"

"दिसते ना," तो म्हणाला आणि गुपचूप झाडाखाली बसला.

मी दिव्यानी, सिंदेवाहीची. कॉलेज संपवून झाडं मोजायच्या कामावर लागलेली. आलापल्लीच्या पुढच्या या जंगलात सहा दिवसांत शंभर झाडांना फिती बांधायच्या, घेर-उंची लिहायची आणि शनिवारच्या गाडीनं घरी जायचं, असा बेत. रविवारी मला पाहायला पाहुणे येणार होते. मला बोहल्यावर चढवायची आईला भारी घाई! मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मनात कुणी नव्हतंच ना... निदान सोमवारपर्यंत तरी.

मंगळवारी तो पुन्हा त्याच सात नंबरच्या ऐनाखाली! त्याचं नाव सुनिल, आणि झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही, असं मला वाट दाखवणाऱ्या पोचूभाऊंनी सांगितलं. त्या दिवसापासून सुनिल माझ्या टेपचं दुसरं टोक धरू लागला. बोटाला बोट लागलं की चटकन हात काढून घ्यायचा... आणि उगीच वर पाहायचा.

"वर काय आहे एवढं?" मी विचारलं.

"तुमालेच माहीत," तो हसला.

आता याचा काय अर्थ काढायचा? त्या दिवशी मी एका झाडाची उंची दोनदा लिहिली आणि एकाची लिहिलीच नाही.

बुधवारी त्यानं पळसाच्या पानात पिकलेली चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणली. मी एकेक खात होते आणि तो एकदा मला बघे, एकदा झाडाला. हा नक्की पाहतो कुणाला?

"कामधंदा सोडून इथी काऊन बसून राह्यतो रे?"

"वाट पाहून राह्यलो."

"कोणाची?"

त्यानं कान खाजवला.

गुरुवारी पोचूभाऊंनी माझं विमान जमिनीवर आणलं. "बाई, त्या ऐनाच्या ढोलीत मोहोळ आहे. ज्यानं पयले खूण बांधली, मध त्याचा. मंग दुसरा त्या झाडावर चढत नाई. सुनिल खूण बांधाले आला, तं तिथी तुमची फीत. अन् तुमीच म्हटलं म्हणे, झाड माझं!"

म्हणजे ती चारं, ते हसणं, टेपचं टोक धरणं... सगळं मधासाठी! आणि मी वेडी उगाच हवेत. राग आला, रडूही आलं. कुणावर रागवायचं, तेच कळेना.

शुक्रवारी दिवस चढायच्या आत मी सात नंबरची फीत सोडली. सुनिल आला तसं त्याला म्हटलं, "घे तुझं झाड. मले खुणेचं माहीत नव्हतं. चढ आता."

"चढतो ना," तो म्हणाला. "उद्या."

"आज काय झालं?" माझा आवाज चढला.

"आज पाय दुखून राह्यले."

पाय दुखणारा हा गडी आत्ताच ताडताड टेकडी चढून आला होता! मध हवा म्हणून चार दिवस बसला, आणि आता नको? माझं डोकं चालेनासं झालं.

शनिवारी सकाळी बॅग घेऊनच मी ऐनापाशी गेले. खोडावर नखांचे ताजे ओरखडे होते, खाली मेणाचे तुकडे. पहाटे अस्वल चढून ढोली साफ करून गेलं होतं. आणि सुनिल चक्क हसत होता!

"हसतो काय? माझ्यामुळं गेला ना तुझा मध?"

"नाई. तुमची फीत मोजणीची आहे, हे मले मंगळवारीच समजलं. पाहाव त्या झाडाले फीत! सगळ्याच झाडाईत मोहोळ असते का?"

"मंग... चढला काऊन नाई?"

तो खाली पाहत दोराचं टोक उलगडत राहिला. "चढलो असतो तं मध घेऊन घरी जा लागलं असतं. मंग इथी बसाले बहाणा कोणता होता?"

मला हा मुलगा आवडला होता. फार आवडला होता. आणि खाली सडकेवर गाडीचा हॉर्न वाजत होता.

"उद्या मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले," मी म्हटलं.

त्याचं हसू मावळलं. "मंग?"

"मंग... आईले सांगते, त्याईले येऊ नका म्हणा."

"अन् आईनं कारण पुसलं तं?"

"कारण पुढच्या रविवारी येऊन राह्यलं म्हणते. आपल्या मायले घेऊन."

त्यानं दोर खांद्यावर टाकला. माझी बॅग उचलून पुढं चालू लागला, तो थेट सडकेपर्यंत. मला कळेचना, हा हो म्हणतोय की नाही! मी चढले, खिडकीशी बसले, गाडी हलली... आणि तो एकदम धावत आला, खिडकीच्या गजाला धरून, धापा टाकत.

"दिव्यानी! सिंदेवाहीले उतरून कुठी यायचं, ते तं सांग!"