अंतराळात पिठल्याची चव कुठे गेली?

पिठलं आईच्याच पद्धतीने केलेलं होतं. पृथ्वीवर वल्लरी ते चाटूनपुसून खायची. इथे, अंतराळस्थानकावर मात्र ते तिला ओल्या पुठ्ठ्यासारखं लागत होतं.

अंतराळवीरांच्या आहारावर संशोधन करणाऱ्या आजोबांबरोबर ती इथे आली होती. आल्यापासून दोन-चार घासांपलीकडे जेवण जात नव्हतं. आज स्थानकाच्या डॉक्टर नाझनीन काझी म्हणाल्या, "अशीच वाळत गेलीस, तर पुढच्या यानाने तुला परत पाठवावं लागेल."

वल्लरीला परत जायचं नव्हतं. "आजोबा, पिठलं बिघडलंय का?"

"नाही. ही बडीशेप नाक दाबून चाव."

"किंचित गोड लागतेय."

"आता नाक सोड."

"तशीच लागतेय."

"पृथ्वीवर नाक सोडताच तुला बडीशेपेचा पूर्ण स्वाद आला असता. जीभ गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी ओळखते. बाकीचा स्वाद म्हणजे वास. चावताना तो घशामागून नाकात चढतो."

"पण मला सर्दी कुठे झालीय?"

"पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण (वस्तूंना जमिनीकडे ओढणारं बल) शरीरातले द्रव खाली ओढतं. इथे ती ओढ जाणवत नाही. द्रव डोक्याकडे सरकतात, नाकाचं आतलं अस्तर सुजतं. शिवाय इथे गरम वाफही वर चढत नाही. मग वास पोचणार कसा?"

वल्लरीने विचार केला. "तिखट नाकाने कळतं का?"

"नाही. कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य) तोंडातल्या, उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. नाक चोंदलं तरी तिखट लागतं."

"मग मला ठेचा द्या."

ठेचा कालवलेल्या पिठल्याच्या पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओघळेना, थेंब डोळ्यालाच चिकटून फुगत गेला. आजोबांनी तो रुमालाने टिपला. वल्लरी मात्र पिठल्याचं पाकीट रिकामं करूनच थांबली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी तिला स्प्रिंगच्या खुर्चीत बसवलं. इथे वजनकाटा चालत नाही. खुर्ची किती वेगाने हेलकावते, त्यावरून वस्तुमान (शरीरात एकूण किती पदार्थ आहे ते) काढतात.

"भरलीस थोडी. राहा इथेच," डॉक्टर म्हणाल्या.

आजोबा तेव्हा मंगळावर जाणाऱ्यांचं जेवण ठरवत होते. वल्लरी तरंगत त्यांच्याजवळ गेली.

"मंगळावर गुरुत्वाकर्षण आहे ना? मग तिथे नाक मोकळं होईल?"

"थोडंफार होईल, असा माझा अंदाज आहे," आजोबा म्हणाले. "पण तिथे अजून कुणी जेवलेलं नाही."

"मी जेवून सांगेन," वल्लरी म्हणाली.